विचारील तो करील

माझा भाऊ शाळेच्या दारात जाऊन उभा राहिला तेव्हा तो कमरेपर्यंत चिखलानं माखला होता आणि खांद्यावर फावडं होतं. फावडं त्यानं भांडायला आणलं नव्हतं. ते खाली ठेवायचं भानच त्याला राहिलं नव्हतं. पण बाईंना ते माहीत नव्हतं. त्या खडू हातात घेऊन टेबलाच्या पलीकडच्या बाजूला सरकल्या.

मी त्याच्या मागून धावत आले होते. हा भरलं ताट तसंच टाकून उठला होता, आणि ताटावरून उठलेला माणूस कुठंतरी भांडायलाच जातो, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

"बाई," भाऊ म्हणाला, "पोरांना उत्तरं शिकवा. उत्तरांना आमची ना नाही. पण प्रश्न शिकवू नका. प्रश्न आम्हाला परवडत नाहीत."

"म्हणजे? काय झालं?" बाई म्हणाल्या.

"बघ," भाऊ माझ्याकडं वळून म्हणाला, "पुन्हा तेच."

वर्गातली सगळी पोरं हाताची घडी, तोंडावर बोट अशी बसली होती. पुढच्या रांगेत आमची बारकी होती. ती बापाच्या तोंडाकडं बघत नव्हती, त्याच्या पायाकडं बघत होती. तो चिखल तिच्यामुळं लागलेला होता आणि ते तिला कळत होतं.

आता हे सगळं नीट कळायचं तर आधी आमच्या गावाची रीत सांगायला हवी. माझ्या आज्याच्या काळी गावात एक माणूस होता. गावाच्या बैठकीत तो रोज नवं काहीतरी विचारायचा. रहाट कोण दुरुस्त करणार, वेशीचं फाटक कोण बसवणार, मेलेलं कुत्रं कोण उचलणार. विचारायचा, अंगावरची चादर झटकायचा आणि घरी जाऊन झोपायचा. बैठका लांबत गेल्या. शेवटी तेव्हाचे गावचे कारभारी वैतागून म्हणाले, आजपासून विचारील तो करील. त्या माणसानं मग रहाट दुरुस्त केला, फाटक बसवलं, कुत्रं उचललं, आणि त्यानंतर मरेपर्यंत त्यानं कुणाला साधं नावही विचारलं नाही. तेव्हापासून आमच्या गावची बैठक चहा उकळायच्या आत संपते.

विचारल्यावाचून कुणाचं अडत नाही म्हणा. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आमच्या गावाचा हात कुणी धरणार नाही. रस्त्यात भेटलेल्याला आम्ही कुठं निघालास असं म्हणत नाही, "लांबचा पल्ला दिसतोय" म्हणतो आणि वाट बघतो. आजाऱ्याच्या उशाशी बसून "आज खोकला कमी वाटतोय" म्हणतो. माझं लग्न असंच ठरलं. मुलगा पितो का, हे आमच्याकडून कुणी विचारलं नाही. "मुलाची तब्येत बरी दिसते," एवढंच वडील म्हणाले. तब्येत बरीच होती. मी पुढं कायमची भावाकडं राहायला आले, ती त्याच तब्येतीमुळं.

पोरं ही रीत रांगता रांगता शिकतात. कोंबड्या झाकल्या का, असं जे पोर म्हणतं ते कोंबड्या झाकायला जातं. एकदा गेलं की दुसऱ्यांदा म्हणत नाही.

बारकी मात्र जन्मली तीच विचारत. तिचं डोकं मी विंचरायची, आणि माझा हात वेणीत अडकलेला बघून ती सुरू व्हायची. मुंग्या रांग का सोडत नाहीत. दुपारी सावली जाते कुठं. विहिरीत हाक मारली की ओ कोण देतं. मी तिला एक सवलत दिली होती. माझ्या कानात हळूच विचारलं तर ते धरायचं नाही, कामाला लागायचं नाही. तिच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं मला येत नव्हती, आणि तसं मी तिला सांगायची. पण ती कानाशी आली की मला बरं वाटायचं. तिचा श्वास गरम लागायचा.

बाई आल्या वर्षाच्या सुरुवातीला, सायकलवरून. धडा संपला की फळा पुसायच्या आधी त्या वळायच्या आणि म्हणायच्या, कोणाला काही विचारायचंय? वर्ग मूग गिळून बसायचा. बाईंना वाटलं पोरं घाबरलीत, म्हणून त्यांनी गोळ्या आणल्या. जो विचारील त्याला गोळी. पोरांनी गोळ्यांकडं बघून आवंढे गिळले, पण तोंड उघडलं नाही. शाळा म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असं त्या गिरणीत दळण घेऊन आलेल्या बायकांपाशी म्हणाल्या. बायका म्हणाल्या, "आमची पोरं गुणी आहेत."

मग वरून हुकूम आला. कमी पोरं असलेल्या शाळा बंद करून पोरांना नाल्यापलीकडच्या मोठ्या शाळेत घालायचं चाललं होतं. आधी एक साहेब येऊन वर्गात बसणार होते. पोरं बोलतात, विचारतात, वर्गात जीव आहे असं दिसलं तर शाळा राहील. दगडासारखी बसली तर कुलूप. बाईंनी हे आईबापांना बोलावून सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली आणि अर्थातच कुणी काही विचारलं नाही.

घरी आल्यावर भाऊ म्हणाला, "नाल्यापलीकडं माझी पोर जाणार नाही. पावसाळ्यात तिथं छातीइतकं पाणी असतं. शाळा बंद झाली तर शेळ्या आहेतच." तो काही वाईट बोलला नव्हता. मागच्याच वर्षी त्या नाल्यात आमचं वासरू वाहून गेलं होतं. बारकी चुलीपाशी भांडी पुसत होती. ती तेव्हा तिसरीत होती. तिनं सगळं ऐकलं आणि तेच ताट बराच वेळ पुसत राहिली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पाणी शिकवलं. पाणी नेहमी उंचावरून सखल भागाकडं जातं, असं सांगून झालं. मग रोजच्यासारखं त्या वळल्या आणि म्हणाल्या, कोणाला काही विचारायचंय? आणि बारकी उभी राहिली. गोळीसाठी नाही. शाळा राहावी म्हणून.

"बाई, आमचं शेत गावात सगळ्यांत सखल आहे. मग पाटाचं पाणी आमच्याकडं का येत नाही?"

बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी वर्गाकडून टाळ्या वाजवून घेतल्या. तेवढ्यावर थांबल्या असत्या तरी निभावलं असतं. पण घरी जाताना त्यांनी ते गिरणीत सांगितलं, दुकानात सांगितलं, पाणवठ्यावर सांगितलं. बाईंनी कौतुक केलं आणि आमच्या घरावर निखारा ठेवला. दिवस मावळायच्या आत कारभारी आमच्या ओट्यावर येऊन बसले.

"पोरगी हुशार निघाली," कारभारी म्हणाले. "पाटाचं विचारलं म्हणतात."

भावाचा चेहरा पडला. पोराला न झेपणारा प्रश्न बापावर येतो, हेही ठरलेलंच आहे.

"सकाळी लवकर लागलेलं बरं," कारभारी उठता उठता म्हणाले. "नंतर ऊन तापतं."

पाटाचं दुखणं गावात सगळ्यांना माहीत होतं. बंधाऱ्यापासून पाट निघतो, सगळ्यांच्या शेतांवरून फिरतो आणि आमच्याकडं येऊन संपतो, म्हणजे संपायला हवा. वळणावर जुन्या झाडाची मुळं आत शिरली होती, त्यात गाळ आणि गवत अडकून पाट पार बुजला होता. पाणी तिथून बाहेर सांडायचं आणि शेजारच्या खड्ड्यात साचायचं. त्या खड्ड्यात सगळ्या गावच्या म्हशी बसायच्या आणि सुखात असायच्या. आमच्या शेताला मात्र असे तडे गेले होते की कोंबडीचं पिल्लू आत पडलं तर हातानं काढावं लागायचं. माझ्या भावाला हे सगळ्यांत जास्त माहीत होतं, आणि त्यानंच ते कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर एकट्याला उपसावं लागलं असतं. म्हणून तो तड्यांकडं बघत वर्षं काढत होता. मला त्याचा राग येई, पण विचारत मीही नव्हते.

तर असा तो एकटा मुळांशी झगडून, चिखलात रुतून, ताटावरून उठून शाळेत आला होता. बाई त्याला समजावू लागल्या, की पाणी शेवटी तुमच्याच शेताला मिळणार आहे.

"पाणी नव्हतं, ते मी सोसत होतो," भाऊ म्हणाला. "आता पाणी नाही आणि दिवसही गेला. एकट्याच्यानं ती मुळं हलत नाहीत. तुम्ही टाळ्या वाजवल्यात, गावानं ऐकल्या, आणि फावडं माझ्या हातात आलं." एवढं बोलून तो परत पाटाकडं गेला. दारात त्याच्या पायांचे ठसे राहिले. ते नंतर बारकीनंच पुसले.

बाईंना मी बाहेर नेऊन रीत सांगितली. त्यांनी ती दोनदा सांगायला लावली.

"हे मला आधी कोणी का नाही सांगितलं?" बाई म्हणाल्या.

"आता विचारलंत," मी म्हणाले. "गावात नवं माणूस आलं की त्याला रीत सांगायचं काम आजपासून तुमचं."

बाई हसल्या. मी हसले नाही, कारण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

त्यानंतर बारकी गप्प झाली. वर्गात गप्प होतीच, घरातही झाली. मी तिचं डोकं विंचरायला घेतलं, कान तिच्या तोंडाजवळ नेला, उगाच फणी घोटाळवली. ती समोरच्या भिंतीकडं बघत राहिली. मुंग्या रांगेनं चालल्या होत्या, त्यांच्याकडंही बघितलं नाही. मला रडू आलं. ते मी केसांच्या गुंत्यावर काढलं आणि तिला दोन झटके जास्त बसले, तरी ती आई गं म्हणाली नाही.

मी तशीच उठून बाईंच्या खोलीवर गेले आणि सांगितलं, की पोरगी आता कानातसुद्धा बोलत नाही. बाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"एकानं विचारलं तर एकानं करायचं," त्या म्हणाल्या. "आणि सगळ्यांनी विचारलं तर?"

"बाई, तुम्ही पुन्हा विचारलंत."

"हो," बाई म्हणाल्या. "आणि मीच करणार आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या शाळेला एकच अभ्यास दिला. घरी जायचं, हातपाय धुवायचे आणि घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचं: पाट कोण उपसणार? पोरांचे चेहरे पांढरे पडले. पण आमच्या गावात बाईंनी दिलेला अभ्यास न करणारं पोर मार खातं, आणि पाट उद्याचा होता, मार आत्ताचा. दिवेलागणीला घराघरातून तो प्रश्न ऐकू आला. गिरणीवाल्याच्या घरातून आला, दुकानातून आला, आणि सगळ्यांत मोठ्यानं आला तो कारभाऱ्यांच्या घरातून, कारण त्यांच्या नातवाचा आवाजच तसा आहे.

गाव बैठकीला जमलं. त्या दिवशी चहा उकळून आटला तरी बैठक संपेना. गिरणीवाला म्हणाला, पोरांचं काय धरायचं, पोरं ती पोरं. त्यावर माझा भाऊ पहिल्यांदा बोलला. "माझ्या पोरीचं धरलं होतं," तो म्हणाला, आणि खाली बसला. सगळे कारभाऱ्यांकडं बघू लागले. कारभाऱ्यांनी रीत उलटीपालटी करून बघितली, तिला कुठं फट सापडते का ते चाचपलं. सापडली नाही. ती केली तेव्हा कुणाला वाटलंच नव्हतं की गावात एकाच वेळी सगळे विचारतील.

सकाळी अख्खं गाव फावडी घेऊन पाटावर. गाव करील ते राव काय करील म्हणतात. आमचं गाव काही करतं हे मात्र मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. बाईही पदर खोचून चिखलात उतरल्या. पहिल्यांदा विचारलं ते त्यांनीच, तेव्हा त्यांना सूट नव्हती आणि त्यांनी मागितलीही नाही. मुळं तोडली, गाळ काढला. म्हशींचा खड्डा बुजवताना म्हशी काठावर उभ्या राहून आमच्याकडं बघत होत्या. कारभारी गुडघाभर चिखलातून माझ्या भावाला म्हणाले, "तुमची पोरगी फार हुशार आहे." विंचू चावल्यासारखं म्हणाले.

"आहे," भाऊ म्हणाला. आजवर तो हे कधी बोलला नव्हता.

पाणी आमच्या बांधापर्यंत आलं, थबकलं आणि आत शिरलं. तड्यांतून बुडबुडे येऊ लागले. माती पाणी पिताना बारीक आवाज करते, तो मी विसरून गेले होते. भाऊ पाण्यात नुसता उभा होता. बारकी माझ्याजवळ आली, टाचा उंचावून माझ्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाली, "आत्या, हा आवाज कशाचा?" मला पुढचं थोडा वेळ दिसेना. मी म्हणाले, मला नाही माहीत, बाईंना विचार. भावानं ऐकलं. ऐकलं नाही असं त्यानं दाखवलं.

मग साहेब आले. जीपमधून उतरले, रुमालानं खुर्ची झटकली आणि वर्गात मागं बसले. अख्खं गाव खिडक्यांशी उभं होतं, कारण आत काय चाललंय हे नंतर विचारण्यापेक्षा आत्ताच बघून घेतलेलं बरं. बसल्या बसल्या साहेबांनी बाईंना विचारलं, या खिडकीला काच का नाही? खिडकीशी उभ्या असलेल्या बायकांनी एकमेकींना कोपरानं ढोसलं.

बाईंनी बी कसं रुजतं ते शिकवलं. चांगलं शिकवलं. मग फळा पुसायच्या आधी त्या वळल्या आणि म्हणाल्या, कोणाला काही विचारायचंय?

वर्ग गप्प. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. बाईंच्या हातातला खडू मोडला, ते मला बाहेर ऐकू आलं. बारकीनं मान वळवून खिडकीकडं बघितलं, बापाकडं. ती जे विचारणार ते त्याच्या गळ्यात पडणार होतं, आणि त्याच्या हाताचे फोड अजून सुकले नव्हते. भावानं आपले तळवे बघितले. मग बाहेरूनच, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं, तो म्हणाला, "विचार."

बारकी उठली आणि बाईंकडं पाठ करून साहेबांकडं वळली.

"साहेब, आमची शाळा बंद करायचं कुणी ठरवलं?"

साहेबांनी तोंड उघडायच्या आत तिनं पुढचं विचारलं. "त्यांनी नाला बघितलाय का?"

मग कारभाऱ्यांचा नातू उठला. मोठ्या शाळेत आमच्यासाठी बाकं आहेत का, हे त्याला हवं होतं. त्याच्या मागून गिरणीवाल्याची पोर उठली. पावसाळ्यात नाल्यापाशी कोण उभं राहणार, असं ती म्हणाली. मग कोण आधी उठलं आणि कोण नंतर, ते मला सांगता येणार नाही. पोरांच्या पोटात इतकी वर्षं जे साठलं होतं ते सगळं बाहेर पडत होतं. बी अंधारातच का रुजतं, इथपासून साहेबांची जीप पाण्यात चालते का, इथपर्यंत. साहेबांनी एक लिहून घेतलं, दुसरं लिहून घेतलं, मग पेन ठेवलं आणि रुमालानं कपाळ पुसलं.

"अरे, थांबा," साहेब म्हणाले. "या सगळ्यांची उत्तरं देणार कोण?"

एकदम शांत झालं. वर्गही आणि खिडक्याही. कारभाऱ्यांनी बाईंकडं बघितलं. मीही बघितलं. काम त्यांचं होतं. बाई मोडका खडू हातात धरून सरळ उभ्या राहिल्या आणि नव्या माणसाला सांगावी तशी त्यांनी साहेबांना गावाची रीत सांगितली. पहिल्या माणसापासून, रहाटापासून सगळी.

साहेब हसले. मग त्यांनी आजूबाजूला बघितलं. कुणीच हसत नव्हतं.

"रीत आहे, साहेब," कारभारी खिडकीतून म्हणाले आणि नखांतला चिखल त्यांना दाखवला. "आम्हाला चुकली नाही."

साहेब चहा न घेता गेले. जाताना बाईंना म्हणाले, की वर्गात जीव आहे हे त्यांना दिसलं, पण शेवटचं ठरवणं वरच्यांच्या हातात आहे. प्रश्न ते वर पाठवतील, आणि उत्तरं येईपर्यंत कुलपाचं थांबवतील. खिडकीची काच मात्र त्यांनी खरंच पाठवली. उत्तरं अजून आलेली नाहीत. वरून उत्तर यायला वेळ लागतो हे आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं, पण त्यात आमचा फायदा झाला तो एवढ्या एकाच वेळी. शाळा चालू आहे.

गावाची रीतही चालू आहे. आता पोरं घोळक्यानं विचारतात, आणि कारभारी संध्याकाळी शाळेच्या बाजूनं फिरायला जात नाहीत.

परवा सकाळी भाऊ जेवायला बसला होता. शेतातलं पीक गुडघ्याला आलं होतं, त्यामुळं त्याचा घास नीट खाली उतरत होता. मी उंबऱ्यात बारकीचं डोकं विंचरत होते. ती आता चौथीत आहे, आणि आमची शाळा चौथीला संपते. ती मला काहीतरी विचारत होती, कानात नाही, चांगलं मोठ्यानं. भाऊ ऐकत होता. घास हातात धरून तो मधेच म्हणाला, "पाचवी कुठं असते?"

माझी फणी थांबली. बारकी बापाकडं वळली, अर्धी वेणी माझ्या हातात ठेवून.

"नाल्यापलीकडं," ती म्हणाली.

आपल्या तोंडून काय गेलं ते भावाच्या ध्यानात आलं. त्यानं दाराबाहेर बघितलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. मी घरातली होते, मनात आणलं असतं तर मी ऐकलं नाही असं झालं असतं.

"मोठ्यानं बोललास, दादा," मी म्हणाले.

त्यानं घास ताटात ठेवला, हात धुतला आणि कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलली. नाल्यावर साकव घालायचा तर लाकूड आत्ताच बघून ठेवायला हवं, असं काहीसं पुटपुटत तो बाहेर पडला. भरलं ताट तसंच राहिलं. या वेळी मी त्याच्या मागं धावले नाही.